कुठे तुटावं हे ठरवताना: एका मागच्या एक्सलच्या बदलाचं प्रकरण

आवाज फार मोठा झाला नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रातल्या दगडांवरून मामेभाऊ गाडी वर घेत होता आणि मी पुढे उभा राहून हाताने दिशा दाखवत होतो. पुढची चाकं वर चढली होती. मागचं डावं चाक दोन दगडांच्या बेचक्यात बसलं होतं आणि उजवं जवळजवळ हवेत होतं. त्याने जरा जास्त अॅक्सिलरेटर दिला, डावं चाक घसरलं, गरगरलं आणि मग एकदम पकडलं. लाकडी फळी मोडावी तसा एक ठक्क आवाज आला आणि गाडी थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण मागची चाकं निपचित.

"दादा, काय गेलं?"

मी खाली वाकून बघेपर्यंत उत्तर समोरच दिसलं. डावं चाक वरच्या बाजूने बाहेर झुकलं होतं आणि ड्रमसकट हाउसिंगमधून, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचातून, चार बोटं बाहेर आलं होतं. ब्रेकचे लायनर उघडे पडले होते आणि व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल ठिबकत होतं. अजून हातभर गाडी पुढे गेली असती, तर चाक शाफ्टसकट निखळून पडलं असतं आणि गाडी त्या बाजूला बसली असती. सपाट रस्त्यावर वेगात असताना हेच झालं असतं तर, हा विचार त्या संध्याकाळी आम्ही दोघांनीही बोलून दाखवला नाही.

त्या दिवसापासून गाडीखाली दुसरा एक्सल बसेपर्यंत आम्ही काय पाहिलं, काय मोजलं आणि कुठे चुकलो, ते सगळं इथे लिहितो. शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो: एक्सल म्हणजे अख्खी हाउसिंग, नळ्या, क्राउन-पिनियन (चाकांकडे जोर वळवणारी मधली दातेरी जोडी) सगळं धरून. चाक फिरवणाऱ्या आतल्या दांड्याला मी शाफ्ट म्हणेन.

गाडी काय होती

छोट्या व्हीलबेसची, सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची फोर-बाय-फोर. इंजिनाचा टॉर्क साधारण 300 न्यूटन-मीटर. पहिला गिअर 3.83, ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीचा) हळू चालीचा लो गिअर 2.72, क्राउन-पिनियनचा रेशो 3.73. कारखान्यातून आली तेव्हा टायर 28 इंची होते. भावाने आधी 31 घातले, मग गाडी 100 मिलिमीटर उचलून 33. त्याच सुमारास मागे ऑटोमॅटिक डिफ लॉक बसवला, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकत्र फिरायला लावणारी यंत्रणा. सामान, विंच आणि दोन माणसं धरून वजन 1,800 किलोच्या आसपास.

मागचा मूळ एक्सल हलका होता: साडेसात इंचांहून किंचित मोठा क्राउन, 1.18 इंच जाडीचे 27 स्प्लाइनचे (टोकावरच्या उभ्या खाचांचे) शाफ्ट, आणि शाफ्ट जागेवर धरायला आतल्या टोकाला सी-क्लिप. 28 इंची टायर आणि उघडं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी, लॉक नसलेली गिअर-जोडणी) एवढ्यासाठी तो केलेला होता आणि ते काम त्याने वर्षानुवर्षं बिनतक्रार केलं. ओझं आम्ही वाढवलं होतं.

तुटलेल्या तुकड्याने काय सांगितलं

मागचं झाकण उघडलं तेव्हा ऑइलबरोबर करड्या रंगाचा बारीक चुरा बाहेर आला. डिफरन्शियलमधली आडवी पिन काढली, उरलेला तुकडा आत ढकलला, सी-क्लिप खाली पडली आणि बोटभर लांबीचा तुटका भाग हातात आला. तो धुऊन, पुसून उजेडात धरला.

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. बहुतेक जण तुटका शाफ्ट भंगारात टाकतात आणि लगेच नव्या एक्सलच्या शोधाला लागतात.

तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. कडेचा चंद्रकोरीसारखा भाग काळपट आणि घासून गुळगुळीत झालेला, बाकीचा चकचकीत, खडीसाखरेसारखा दाणेदार. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती आधीच्या कुठल्यातरी फेरीत पडली होती, त्यात ऑइल शिरलं आणि प्रत्येक चढावर ती थोडीथोडी आत सरकत गेली. त्या दिवशी तुटला तो उरलेला शाफ्ट. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी होती. स्प्लाइनच्या खाचा सरळ असायला हव्यात. या तुकड्यावर त्या दोरखंडाच्या पिळासारख्या तिरक्या झाल्या होत्या. पोलादाला पीळ पडून तो तसाच राहिला, याचा अर्थ शाफ्टने आपली लवचीक मर्यादा केव्हाच ओलांडली होती.

मग उजवा, न तुटलेला शाफ्ट काढला. त्याच्याही खाचांना पीळ होता. कमी, पण पट्टी धरली की स्पष्ट दिसणारा.

इथे एक प्रश्न निकाली निघाला. एकच बाजू पिळली असती तर तो खराब तुकडा किंवा दुर्दैव मानून तसाच नवा शाफ्ट घातला असता. दोन्ही बाजू पिळल्या म्हणजे गाडीचा नेहमीचा वापरच त्या जाडीच्या पलीकडे गेला होता.

हिशेब

आम्ही कागदावर साधा हिशेब मांडला. इंजिनाचा 300 न्यूटन-मीटर टॉर्क पहिला गिअर, लो आणि क्राउन-पिनियन यांतून जाताना कागदावर 11,650 च्या पुढे जातो. घर्षणातलं नुकसान आणि पुढच्या एक्सलचा वाटा वजा केला, तरी एका मागच्या चाकावर शाफ्ट मोडण्याइतका टॉर्क सहज पोचतो. म्हणजे अशा गाडीत शाफ्टवर किती भार येईल हे इंजिन ठरवत नाही, टायरची पकड ठरवते. चाक घसरलं की भार तिथेच थांबतो.

मग पकडीचा हिशेब केला. तीव्र चढावर वजन मागे येतं. उजवं चाक हवेत असताना डाव्या चाकावर 700 किलो तरी असतील असं धरलं. कोरड्या दगडावर टायरची पकड वजनाइतकीच धरली. भाराखाली 33 इंची टायरची त्रिज्या सुमारे 0.40 मीटर भरते. गुणाकार येतो साधारण 2,750 न्यूटन-मीटर. डिफ लॉक असल्यामुळे हा सगळा टॉर्क त्या एकाच शाफ्टमधून जाणार. उघड्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक नुसतं फिरत राहिलं असतं आणि शाफ्ट वाचला असता, पण गाडी चढली नसती.

गोल दांड्याची पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तुलनेसाठी सगळ्या शाफ्टना एकच पोलाद धरलं, ज्याची कातर-ताकद 500 मेगापास्कल. 1.18 इंचाचा शाफ्ट 2,640 न्यूटन-मीटरच्या आसपास कायमचा पिळू लागतो. 1.31 इंचाचा 3,600 च्या पुढे, 1.32 इंचाचा 3,700 आणि 1.5 इंचाचा 5,400 च्या पुढे. प्रत्यक्षात प्रत्येक शाफ्टचं पोलाद आणि वरचं हार्डनिंग वेगळं असतं आणि स्प्लाइनच्या तळाशी जाडी कमी भरते, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी ताडण्यापुरतेच. तरी भावाने 2,750 आणि 2,640 हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. यात धक्का धरलेलाच नव्हता. गरगरणारं जड चाक एकदम पकडतं तेव्हा फिरत्या टायर-रिमचा सगळा जोर क्षणात शाफ्टवर उतरतो, आणि तो स्थिर भारापेक्षा कितीतरी जास्त असतो.

सुचलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांनाच सुचतो: हाउसिंग तेच ठेवायचं आणि आत मिश्रधातूचे जाड, 30 स्प्लाइनचे शाफ्ट आणि त्यांना जुळणारा नवा डिफ लॉक घालायचा. वेल्डिंग नाही, ब्रॅकेट नाहीत, दोन दिवसांत काम. 31 इंची टायरच्या गाडीला मी आजही हाच सल्ला देईन. पण आमच्या हाउसिंगच्या नळ्या अडीच इंचांच्या आसपासच्या होत्या. एका चाकाच्या तोंडाशी डायल गेज लावून फिरवलं तेव्हा डावी नळी किंचित वर वाकलेली निघाली. शाफ्ट मजबूत केला असता, तर पुढचा भार क्राउन-पिनियनच्या छोट्या दातांवर आणि या वाकलेल्या नळीवर आला असता.

इथे मी भावाला एक प्रश्न विचारला आणि पुढची सगळी निवड त्यावरच झाली. "तुटायचंच असेल, तर पुढच्या वेळी काय तुटलेलं तुला चालेल?"

तो म्हणाला, "जे मला तिथेच, हाताने बदलता येईल ते."

जंगलात क्राउन-पिनियन बदलता येत नाही. हाउसिंग सरळ करता येत नाही. शाफ्ट बदलता येतो, पण सी-क्लिप असेल तर झाकण उघडून, ऑइल सांडून. प्रोपेलर शाफ्टच्या (ट्रान्स्फर केसकडून एक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचा क्रॉस मात्र चार बोल्ट, एक हातोडी आणि अर्धा तास एवढ्यात बदलतो. म्हणजे मागच्या सगळ्या साखळीत जॉइंट हा सगळ्यात कच्चा दुवा राहायला हवा, आणि एक्सलमधलं सगळं त्याच्यापेक्षा पक्कं.

भावाच्या मनात डाना 60 हा ट्रकखालचा जड एक्सल होता. 9.75 इंचाचा क्राउन, 35 स्प्लाइनचे दीड इंची शाफ्ट आणि मुख्य म्हणजे फुल-फ्लोटिंग रचना. आमच्या एक्सलसारख्या सेमी-फ्लोटिंग रचनेत शाफ्ट दोन कामं करतो: चाक फिरवतो आणि त्या कोपऱ्याचं वजनही पेलतो. तो तुटला की चाकाला धरून ठेवणारं काही उरत नाही. फुल-फ्लोटिंगमध्ये हब (चाक ज्यावर आवळलेलं असतं तो भाग) दोन बेअरिंगवर, हाउसिंगच्या टोकाच्या स्पिंडलवर बसतो. शाफ्ट फक्त फिरवतो. तुटला तर बाहेरचे बोल्ट काढून ओढून घ्यायचा. चाक जागच्या जागी राहतं आणि गाडी पुढच्या चाकांवर घरी येते. चाक निखळताना पाहिलेल्या माणसाला हे किती भावेल ते मला कळत होतं.

पण ट्रकखालचे हे एक्सल बहुधा आठ बोल्टच्या हबचे. पुढची चाकं पाच बोल्टची, म्हणजे दोन वेगळ्या स्टेपन्या. वजन बरंच वाढणार, आणि तेही स्प्रिंगच्या खालचं. शिवाय आमच्या क्राउनशी त्रिज्येतला फरक जवळजवळ 28 मिलिमीटर. 33 वरून 35 इंची टायर घातला तर जमिनीपासूनची उंची 25 मिलिमीटर वाढते. म्हणजे टायर एक पायरी वाढवून मिळणारी उंची हाउसिंगचा तो मधला मोठा गोळा एकटाच खाऊन टाकतो आणि नांगरासारखा दगडांवर घासत जातो. सहा सिलिंडर इंजिनाच्या 1,800 किलोच्या गाडीला त्याची गरज नव्हती. उनिमॉगसारख्या गाड्यांत हबमध्येच वेगळी गिअर-जोडी असते, त्यामुळे मधले शाफ्ट आणि क्राउन यांच्यावर टॉर्क कमी येतो आणि हाउसिंगही जमिनीपासून उंच राहते. या प्रश्नाचं ते खरोखर सुंदर उत्तर आहे, पण आमच्या गाडीखाली बसणारं नव्हे.

माझा कल सुरुवातीला डाना 44 कडे होता. 8.5 इंचाचा क्राउन, 30 स्प्लाइनचे 1.31 इंची शाफ्ट, आणि सी-क्लिप नाही. बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं आणि त्याची पट्टी नळीच्या टोकाला बोल्टने आवळलेली. शाफ्ट आत कुठेही तुटला तरी चाक बाहेर येत नाही. सुटे भाग मुबलक मिळतात. आमच्या गाडीच्या रुंदीचा, पाच बोल्टचा, कॉइल स्प्रिंगच्या ब्रॅकेटसकट नग मिळाला असता तर मी दुसरीकडे पाहिलंच नसतं. जे दोन मिळाले त्यांतला एक रुंद होता आणि दुसऱ्याच्या नळीला पूर्वी कुणीतरी गॅसने तापवून सरळ केलेलं होतं.

फोर्ड 9 इंच याचाही विचार झाला. त्याचं क्राउन-पिनियन पुढून अख्खं बाहेर निघतं, ही मोठी सोय. पण त्याचं पिनियन क्राउनच्या मध्यापासून बरंच खाली असतं. लांब गाडीत ते खपून जातं. छोट्या व्हीलबेसच्या उचललेल्या गाडीत मागचा प्रोपेलर शाफ्ट हातभर लांबीचा. त्याचा कोन आधीच तीव्र, तो आणखी वाढला असता. जो जॉइंट आम्हाला बदलण्याजोगा दुवा म्हणून राखायचा होता, तो दर फेरीला बदलावा लागला असता.

उरला फोर्ड 8.8.

8.8 च का

1991 ते 2001 पर्यंतच्या फोर्ड एक्स्प्लोररखाली हा एक्सल आला. क्राउन 8.8 इंच, शाफ्ट 31 स्प्लाइनचे, 1.32 इंच. नळ्या सव्वातीन इंच व्यासाच्या. जुन्या नळीशेजारी ठेवल्यावर फरक समजायला मोजपट्टी लागत नाही. 1995 पासूनच्या नगांना डिस्क ब्रेक आहेत. हब पाच बोल्टचा, 114.3 मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि तेच आमच्या पुढच्या चाकांचं माप. रुंदी मूळ एक्सलपेक्षा दोन्ही बाजूंना मिळून सुमारे 23 मिलिमीटर कमी, म्हणजे एका बाजूला बोटभरही नाही.

रेशोचाही मेळ बसला. ट्रान्स्फर केस लॉक झाली की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. दोन्हींचे रेशो वेगळे असतील तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात आणि काहीतरी मोडतंच. आमचा पुढचा 3.73 होता आणि 8.8 मध्ये 3.73 सहज सापडतो. मागच्या झाकणाच्या बोल्टला पत्र्याची छोटी पट्टी अडकवलेली असते. आमच्यावर 3एल73 असं कोरलेलं होतं: रेशो 3.73, आणि मधला एल म्हणजे आत लिमिटेड स्लिप, दोन चाकांतला वेगाचा फरक मर्यादेत ठेवणारं डिफरन्शियल. पट्टी वाचून झाल्यावरही आम्ही चाक फिरवून पिनियनचे फेरे मोजले आणि एक शाफ्ट काढून स्प्लाइन मोजल्या. 8.8 नावाचे सगळे एक्सल सारखे नसतात. त्याच क्राउनचे, पण 28 स्प्लाइनचे आणि बारीक नळीचे नगही असतात. नुसत्या नावावर घेतलेला एक्सल मूळ एक्सलपेक्षा फार पुढचा नसू शकतो.

आता त्याचा दोष. यालाही सी-क्लिप असते. ज्या गोष्टीमुळे चाक बाहेर आलं, तीच रचना पुन्हा. भावाने हे मला तीन वेळा विचारलं आणि ते बरोबरच होतं. माझं उत्तर असं होतं: पहिलं, शाफ्टला आता 2,750 च्या भारापुढे 3,700 ची मर्यादा आहे, म्हणजे नेहमीच्या वापरात पीळ पडू नये. दुसरं, डिस्क ब्रेकचा कॅलिपर रोटरला दोन्ही बाजूंनी धरतो, त्यामुळे तुटलेला शाफ्ट ड्रमसारखा अलगद सरकून बाहेर येत नाही. हा पक्का आधार नव्हे, थोडा वेळ मिळवून देणारा अडसर. तिसरं, गाडी रस्त्यावर रोज पळणारी असती तर मी डाना 44 साठी आणखी थांबलो असतो. हे सगळं ऐकून त्याने होकार दिला.

बसवताना

या एक्सलच्या नळ्या मधल्या बिडाच्या गोळ्यात दाबून बसवलेल्या आणि दोन-दोन ठिपक्यांनी वेल्ड केलेल्या असतात. मोठ्या टायरच्या पिळाने नळी गोळ्यात फिरू शकते, म्हणून ती सगळ्या बाजूंनी वेल्ड करणं आवश्यक होतं. बिडाला पोलाद जोडणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. वेल्डिंग करणारे काका अनुभवी होते. त्यांनी गोळा आधी सगळीकडून सारखा तापवला, निकेलचा रॉड वापरला, इंच-दीड इंचाचे टाके एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे घातले आणि प्रत्येक टाका गरम असतानाच हातोडीने हलका ठोकला. "घाई केलीस तर टाका रात्री एकटाच तडकेल, बाबा," ते म्हणाले. शेवटी सगळं जाड कांबळ्यात गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोमटच होतं. मग दोन्ही बेअरिंगच्या जागांतून सरळ घासलेला दांडा आरपार घालून पाहिला, तो न अडकता गेला.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जुन्या बैठका कापून कॉइल स्प्रिंगचे कप आणि कंट्रोल आर्मची (एक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्यांची) ब्रॅकेट लावायची होती. आधी नुसते टाचले, गाडी चाकांवर उतरवली, सगळं मोजलं आणि मगच पूर्ण वेल्ड केलं.

आणि तरीही माझं मोजणं चुकलं. प्रोपेलर शाफ्टला ट्रान्स्फर केसच्या बाजूला दुहेरी जॉइंट आहे. अशा शाफ्टला पिनियन थेट शाफ्टच्या रेषेत हवं, किंबहुना एक-दोन अंश खाली, कारण जोर लागला की एक्सल मागे कलतो आणि पिनियन नाक वर करतं. मी कोन मोजला तेव्हा गाडीत विंच, सामान, भरलेली टाकी यांपैकी काहीच नव्हतं. पूर्ण ओझ्यावर गाडी मागे बसली आणि पिनियन दोन अंश वर गेलं. ताशी 70 किलोमीटरला आसनाखाली घरघर जाणवू लागली. सुदैवाने वरचे कंट्रोल आर्म लांबी बदलता येणारे होते. सगळं सामान चढवून, टाकी भरून, दोन माणसं बसवून पुन्हा कोन लावला आणि घरघर गेली. ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी गाडीत तिचं रोजचं ओझं घाला, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर तीन दिवस वाचले असते. पिनियन वर कललं की त्याच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो, म्हणून भरण्याच्या भोकाच्या पातळीवर न थांबता ऑइल थोडं जास्त भरलं.

लिमिटेड स्लिपच्या क्लच प्लेट झिजलेल्या होत्या. त्याजागी बटणाने चालू-बंद होणारा एअर लॉकर (हवेच्या दाबावर चालणारा डिफ लॉक) घातला. ऑटोमॅटिक लॉक ओल्या वळणावर छोट्या गाडीला एकदम झटका देतो आणि चालकाला न विचारता शाफ्टवर भार टाकतो. बटण असलं की तो निर्णय माणसाचा राहतो. नवा लॉकर बसवताना दोन्ही बाजूंच्या शिम (पातळ चकत्या) बदलून क्राउनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) 0.25 मिलिमीटरवर आणला आणि दातांना रंग लावून ठसा पाहिला. ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत दोनदा उघडझाप केली.

ब्रेकच्या बाबतीत एवढंच सांगतो की मागे ड्रम जाऊन डिस्क आले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलतो. मोकळ्या ओल्या मैदानावर जोरात ब्रेक मारून मागची चाकं आधी जाम होत नाहीत ना, हे तपासल्याशिवाय आम्ही गाडी रस्त्यावर नेली नाही. असा बदल नोंदवून घ्यावा लागतो की नाही, ते आपापल्या इथल्या नियमांत आधी पाहून ठेवावं.

त्यानंतर

त्याच ओढ्यात, त्याच दगडांवर आम्ही पुन्हा गेलो. भावाने लॉकर फक्त त्या बेचक्यापुरता लावला, चाक गरगरू न देता गाडी रांगत वर नेली आणि वर पोचताच बटण बंद केलं. काही तुटलं नाही. चौथ्या फेरीत, दुसऱ्याच एका चढावर, मागच्या प्रोपेलर शाफ्टचा पिनियनकडचा क्रॉस तुटला. भाऊ गाडीतून उतरला, खाली पाहिलं आणि पेटी आणायला गेला. पस्तीस मिनिटांत आम्ही पुन्हा चालू लागलो.

शाफ्ट आत घालण्यापूर्वी आम्ही प्रत्येकावर स्प्लाइनपासून हबपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली होती. शाफ्टला पीळ पडला, तर मोडण्याच्या खूप आधी ती रेघ तिरकी होईल. दर सहा महिन्यांनी ऑइल बदलताना सी-क्लिप काढून दोन्ही शाफ्ट बाहेर घेतो आणि रेघेला पट्टी लावतो. आतापर्यंत तीन वेळा पाहिलं, तिन्ही वेळा सरळ.

आता भावाला 35 इंची टायर घालायचे आहेत. त्याच हिशेबात 0.40 च्या जागी 0.425 मीटर घातलं की भार 2,900 च्या पुढे जातो. मागचा एक्सल ते सोसेल असं मला वाटतं. पुढचा अजून मूळचाच आहे, त्याच्या जॉइंटचे क्रॉस जुने आहेत आणि त्या शाफ्टवर आम्ही अजून रेघ ओढलेली नाही. येत्या रविवारी ते काढायचे आहेत.